चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईक शिकायची म्हणतोय (घणसोली ते तळोजा). येडेपणा आहे का?

#१ मागच्या_सीटवरचा

नमस्कार मंडळी. सात वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४४, राहणं घणसोली. आजवर दुचाकी चालवलेली नाही. का, तर ठोस कारण काही नाही. कॉलेजात असताना घरी गाडी नव्हती, नोकरी लागली ती स्टेशनला चिकटून, आणि लग्नानंतर घरात गाडी आली ती बायकोची स्कूटर. ती चालवते, मी मागे बसून भाजीची पिशवी धरतो. सोसायटीतल्या पोरांनी त्यावरून मला जे नाव ठेवलं तेच इथे घेतलंय.

आता कंपनीने तळोजा एमआयडीसीत टाकलंय. दिवसपाळीला अडचण नाही. लोकलने बेलापूर, तिथून मेट्रोने पेंधर, पुढे शेअर रिक्षा. पण दुसरी पाळी सुटते साडेअकराला. तेव्हा मेट्रो संपलेली असते आणि रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. महिनाभर एका सहकाऱ्याच्या मागे डबलसीट आलो, तो आता नोकरी सोडतोय.

कळव्याच्या चुलतभावाची जुनी स्प्लेंडर पडून आहे. "ने फुकट, जागा तरी मोकळी होईल," म्हणतो. सायकल येते, म्हणजे शाळेत यायची. शिकू का? कुठे, कुणाकडून? आणि खरं सांगायचं तर महापे ते शिळफाटा रात्री मागे बसूनही माझे डोळे मिटलेले असायचे. त्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवणं मला या जन्मात जमेल का?

#२ उपवनकर

माझी आई ५१व्या वर्षी शिकली. पहाटे साडेपाचला उपवन तलावाच्या रस्त्याला ती गाडीवर आणि बाबा मागून पळतायत. तीन आठवड्यांत आईला गाडी आली आणि बाबांचं चार किलो वजन उतरलं. बिनधास्त शिका.

#३ फुकटचा_सल्ला

घरात स्कूटर असताना स्प्लेंडर कशाला? गियर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की चालू. वहिनींकडून शिका. फक्त नवरा-बायकोने एकमेकांना गाडी शिकवू नये असं आमच्या शेजारच्या वकिलांचं मत आहे. त्यांची निम्मी अशिलं तिथूनच येतात.

#४ मागच्या_सीटवरचा

@फुकटचा_सल्ला, स्कूटर रिकामी नसते हो. तिची ऐरोलीची नोकरी तिच्यावरच चालते. वकिलांचा नंबर मात्र पाठवून ठेवा.

#५ अर्धा_क्लच

दादा, येडेपणा नाही. उलट चाळिशीत शिकणारा माणूस घाबरून असतो, त्यामुळे सांगितलेलं ऐकतो. अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी क्लच सापडतो आणि दुसऱ्या दिवशी तो पाम बीचवर असतो.

मी पगारी शिकवणारा नव्हे, पण भावंडं, मेहुणे, बायकोच्या मैत्रिणी धरून नऊ-दहा जणांना शिकवलंय. माझी पद्धत सांगतो.

पहिले दोन दिवस इंजिन चालूच करायचं नाही. गाडी नुसती ढकलत फिरवायची, सोसायटीच्या आवारात, डावीकडून आणि उजवीकडून. मेन स्टँडवर चढवायची, उतरवायची. स्प्लेंडर शंभर-एकशेदहा किलोची आहे. ते वजन कुठवर कललं की हाताबाहेर जातं हे शरीराला कळू द्या. बहुतेक नवशिके पडतात ते वेगात नाही, उभ्या गाडीवरून पडतात. यू-टर्न घेताना किंवा पार्किंगमध्ये पाय टेकायला जावं, तिथे नेमका खळगा निघतो आणि गाडी अंगावर येते.

मग क्लच. सपाट मोकळी जागा, पहिला गियर, उजव्या मुठीला हातही लावायचा नाही. क्लच इतका हळू सोडा की गाडी जेमतेम हलायला लागेल. हलली की पुन्हा दाबा. हा जो मधला बिंदू आहे त्यालाच आम्ही हाफ क्लच म्हणतो. माझं इथलं नाव तेच आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा हळवा आहे. हे किमान पन्नास वेळा करा. गाडी बंद पडेल, पडू द्या. मूठ नंतर. नवशिक्याच्या हातून घाबरून क्लच सुटतो आणि मूठ मात्र आणखी पिळली जाते. गाडी भिंतीला जाते ती अशीच. म्हणून पहिला धडा एवढाच, की काहीही झालं तरी डाव्या हाताने क्लच दाबायचा. क्लच दाबला की इंजिन कितीही बोंबललं तरी चाकाला जोर जात नाही.

तिसरी गोष्ट नजर. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे बघत "खड्डा, खड्डा" म्हणत गेलात तर खड्ड्यातच जाल. शेजारून जी वाट मोकळी आहे तिच्याकडे बघा.

गियरचं म्हणाल तर स्प्लेंडरला चार गियर, सगळे पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबले की उतरतात. पुढे दुसरी गाडी घेतलीत आणि तिला "एक खाली, चार वर" निघालं तर दोन दिवस पाय गोंधळेल, एवढं ध्यानात ठेवा.

ब्रेकवर वेगळा प्रतिसाद लिहीन, तो मोठा विषय आहे. आणि शिळफाट्याचं नाव पहिले तीन महिने काढू नका.

#६ चकली_भाजणी

अर्धा_क्लच यांच्याशी बाकी सगळं पटतं, पण सुरुवात गियरच्या गाडीने करावी हे नाही पटत. मी ब्रह्मांडला राहते, आधी स्कूटर चार वर्षं आणि मग नवऱ्याची बाईक शिकले. बाईक शिकताना रस्ता आधीच कळलेला होता. बस थांब्यावर थांबली की पुढून माणूस येणार, रिक्षा सिग्नल न देता वळणार, उभ्या गाडीचं दार उघडणार, हे सगळं अंगात भिनलेलं होतं. नव्या होत्या त्या फक्त क्लच आणि गियर. दोन्ही एकदम शिकायचं म्हणजे डोकं एकाच वेळी हाताकडे, पायाकडे आणि रस्त्याकडे. रविवारी स्कूटर रिकामी असेलच ना? महिनाभर तिच्यावर रस्ता शिका, स्प्लेंडरवर मोकळ्या जागेत गाडी शिका. मग दोन्हीची गाठ घाला.

एक चूक मीही केली, ती तुम्ही करू नका. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात. बाईकवर पहिल्या आठवड्यात मी ब्रेक समजून डाव्या हाताने क्लच दाबला आणि गाडी ब्रेक न लागता सरळ पुढच्या रिक्षाला टेकली. रिक्षावाले काका उतरले, गाडी बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, "ताई, शिकताय का? शिका, शिका." आणि गेले. असा रिक्षावाला पुन्हा भेटलेला नाही.

#७ कागदी_घोडा

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण त्यावर कुणी काही लिहिणार नाही आणि शेवटी तिथेच अडेल.

शिकाऊ परवाना परिवहनच्या संकेतस्थळावर आधार वापरून घरबसल्या काढता येतो, परीक्षाही तिथेच. तुम्ही चाळिशीच्या पुढचे, त्यामुळे डॉक्टरचा दाखला लागेल, नमुना १-अ. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि काढल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. पुढे-मागे लाल अक्षरात 'एल' लावा. आणि या काळात मागे कुणाला बसवायचं नाही. शिकवणारा, तोही परवानाधारक, एवढाच अपवाद.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज "गियरसह मोटारसायकल" या वर्गाचा करा. त्यावर स्कूटर चालते. उलटं चालत नाही, बिनगियरचा परवाना काढून स्प्लेंडर चालवलीत तर तुम्ही विनापरवाना.

भावाच्या गाडीचा विमा आणि पीयूसी जिवंत आहे का बघा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर ती नवी सुरक्षा नंबरप्लेट. आणि फुकट मिळतेय म्हणून तशीच पडू देऊ नका, नावावर करून घ्या. नाहीतर तुमच्या दंडाचे मेसेज भावाला जातील आणि दिवाळीला हिशेब निघेल.

#८ खारीगावचा_दादूस

दादूस, गारी शिकाची तं सकाली पाचला उठ. आमचे रेतीबंदराचे बाजूला नको येव, तिथं डंपर हाय.

(आता शाळेतल्या मराठीत.) सुट्टीच्या दिवशी महापे-रबाळेचे एमआयडीसीतले आतले रस्ते पहाटे रिकामे असतात, रुंदही आहेत. फक्त दोन गोष्टी. एक, कंपन्यांच्या भिंतीलगत कुत्र्यांच्या टोळ्या. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, लाथही मारू नका, वेग एकसारखा ठेवा, ते आपली हद्द संपली की थांबतं. दोन, घणसोलीतले खाडीकडचे रस्ते मोकळे दिसतात खरे, पण तिथे पोरं एका चाकावर गाड्या पळवायला येतात. त्यांच्यात तुम्ही पहिल्या गियरला, म्हणजे लग्नाच्या वरातीत बैलगाडी.

#९ फुकटचा_सल्ला

लुना असती तर हा धागाच निघाला नसता. पेट्रोल संपलं तर पायडल मारा, पडलात तर उचलून खांद्यावर घ्या. ती बंद करून देशाने काय मिळवलं?

#१० साय_साखर

@फुकटचा_सल्ला, आमच्या मास्तरांच्या लुनावर मास्तर, त्यांची दोन मुलं, गव्हाचं पीठ आणि पुढे कंदील असायचा. चढावर मुलं उतरून धावायची आणि सपाटीवर पुन्हा बसायची. सुरक्षिततेच्या धाग्यावर हे सांगायला नको होतं.

#११ जुना_टायर

माझं वय ६८. १९७८ साली राजदूतवर शिकलो, पुढे येझ्दी, स्कूटर, सगळं चालवलं. अनुभवाचे बोल ऐका. पुढचा ब्रेक शोभेला आहे असं समजा. त्याला बोटही लावू नका. पुढचा मारला की गाडी तोंडावर आपटते. माझ्या उजव्या खांद्यात अजून तार आहे. मुलगा, जावई, सगळ्यांना हेच शिकवलं.

#१२ अर्धा_क्लच

काका, आदर ठेवून एकच विचारतो. पडलात तेव्हा हँडल सरळ होतं की वळलेलं?

#१३ जुना_टायर

वळलेलं. कोलशेतचं वळण, पुढे रेतीचा ट्रक, त्यातली रेती रस्त्यावर सांडत होती.

#१४ अर्धा_क्लच

काका, मग दोष रेतीचा आणि वळलेल्या हँडलचा होता.

असं बघा. बसमध्ये उभे आहात आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला तर तुम्ही कुठे जाता? पुढे. गाडीचंही तेच होतं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, पुढचं चाक रस्त्याला दाबलं जातं, त्याची पकड वाढते. त्याच वेळी मागचं चाक हलकं होतं. म्हणजे ज्या चाकाला पकड उरलेली नाही त्याच्याच जिवावर तुम्ही थांबायचं म्हणताय. मागचं चाक घसरत जातं, शेपूट हलते, गाडी थांबायला वेळ घेते. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो.

फक्त तो "मारायचा" नसतो, पिळायचा असतो. ओला टॉवेल पिळताना आधी हलका आणि मग घट्ट पीळ देतो ना, तसा. एकदम आवळला तर वजन पुढे यायच्या आतच चाक अडकतं. त्याला लोक तोंडावर आपटणं म्हणतात. आणि रेती, खडी, चिखल, वळलेलं हँडल असेल तर पुढचा नाही, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, ते चाक अडकू देत नाही. खालच्यांना दोन्ही ब्रेक जोडलेली पद्धत आहे. दादांच्या जुन्या स्प्लेंडरला यातलं काहीही नाही, दोन्हीकडे साधे ड्रम. म्हणजे सगळी अक्कल बोटांत हवी.

एक प्रयोग सांगतो. रिकाम्या सरळ रस्त्यावर खडूने रेघ मारा. तीसच्या वेगाने या, रेघेवर फक्त मागचा ब्रेक लावा, थांबलात तिथून पावलं मोजा. मग त्याच वेगाने दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू पिळत. पुन्हा मोजा. काका, तुम्हीही करून बघा.

#१५ फुकटचा_सल्ला

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खडू कुणाकडे आहे?

#१६ रात्रपाळी

मी नर्स आहे, नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात अपघात विभागात. धाग्याचा मूड घालवते त्याबद्दल माफी.

नातेवाईक सांगतात, "हेल्मेट घातलं होतं हो सिस्टर." आणि हातातलं हेल्मेट दाखवतात. त्यावर साधा ओरखडा नसतो. कारण पट्टा लावलेला नव्हता. पहिल्या धक्क्याला हेल्मेट निघून गेलं आणि डोकं नंतर आपटलं. असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता हेल्मेट बघूनच मला पुढचं कळतं.

म्हणून दादा, शिकायच्या पहिल्या दिवसापासून, सोसायटीच्या आवारात ढकलतानासुद्धा, हेल्मेट घालून पट्टा लावा, म्हणजे हाताला सवय होईल. पूर्ण तोंड झाकणारं घ्या, हनुवटीवर पडलेल्यांचे जबडे आम्ही शिवतो. भुवईच्या जरा वरून टेपने डोकं मोजा. दुकानात घालून डोकं हलवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आतमध्ये डोकं फिरत असेल तर ते मोठं आहे. आयएसआय खूण हवी, आयएस ४१५१. जून २०२१ पासून त्याशिवाय विकणंच बेकायदा आहे, तरी फुटपाथवर मिळतात ती टोपल्या आहेत. रात्री यायचंय तर काच पांढरी घ्या, काळी नको.

आणि पाय. चप्पल घालून कुणी येऊ नका. घोट्याची त्वचा फार पातळ असते.

अपघात दिसला तर १०८ लावा. मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकवता येत नाही, कायद्यात तसं संरक्षण आहे. हे लोकांना माहीत नसतं म्हणून लोक बाजूने निघून जातात.

#१७ मागच्या_सीटवरचा

@रात्रपाळी ताई, मूड गेला नाही, उलट हेल्मेट घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, सैल घ्या, हवा खेळती राहते." मी गालाची कातडी हलवून दाखवली, गप्प झाला.

प्रगती अशी. शिकाऊ परवाना आला. गाडी कळव्याहून टेम्पोत आणली. मेकॅनिकने दोन्ही टायर, ब्रेकचे लायनर, केबल, चेन आणि बॅटरी बदलायला लावली, फुकट गाडी चांगलीच महाग पडली. टायरवर चार आकडी छाप असतो हे तेव्हा कळलं. माझ्यावर १९१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण बाजूला भेगा.

क्लच पन्नास वेळा नाही, मोजून एकशेदहा वेळा केला. डाव्या मनगटाला आयोडेक्स.

आता खरी भीती सांगतो. ट्रक. तळोज्याच्या त्या रस्त्यावर कंटेनर असे शेजारून जातात की हँडल आपोआप ओढलं जातं.

#१८ चौदा_चाकी

मी न्हावा-शेव्याच्या वाहतूक धंद्यात आहे, गाडी चालवत नाही पण केबिनमध्ये बसून भरपूर फिरलोय. कधी संधी मिळाली तर एकदा ट्रेलरच्या ड्रायव्हरसीटवर बसून बघा. डाव्या बाजूला दरवाज्यालगत उभी असलेली बाईक दिसतच नाही. अगदी नाकासमोर उभा असलेला माणूसही दिसत नाही, सीट एवढी उंच असते. साधी खूण लक्षात ठेवा. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

दुसरं, ट्रेलर डावीकडे वळायचा असेल तर तो आधी थोडा उजवीकडे जातो. डावीकडे मोठी फट तयार होते. बाईकवाल्याला वाटतं, वा, वाट दिली. ती वाट नाही. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात आणि ती फट मिटत जाते. सिग्नलला ट्रक आणि फुटपाथच्या मध्ये घुसायचं नाही म्हणजे नाही, मग मागचे कितीही हॉर्न मारोत.

आणि शेजारून जाताना हँडल ओढलं जातं तो हवेचा धक्का आहे. हात सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा. हँडल आवळून धरलंत तर जास्त हलेल. खरं म्हणजे त्याच्या शेजारी रेंगाळूच नका. एकतर मागे राहा, नाहीतर उजवीकडून पटकन पुढे जा.

आमच्या ड्रायव्हर लोकांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, बारा-चौदा तास झोप न घेता चालवतात. पण तो वेगळा धागा.

#१९ पुढच्या_सीटवरची

नमस्कार. धागाकर्त्याची बायको. खातं आज काढलं, कारण काही माहिती अपुरी देण्यात आली आहे.

गेल्या रविवारी उजव्या गुडघ्याला जे खरचटलं ते "जिन्यात पाय घसरला" म्हणून सांगण्यात आलं. आमच्या जिन्यात ग्रीस नसतं. वॉचमन काकांनी सगळा वृत्तांत दिला. साइड स्टँड न काढता निघाले आणि डावीकडचं वळण घेताना तो टेकला.

दुसरं. हे पंधरा वर्षं माझ्या मागे बसून "ब्रेक, ब्रेक, रिक्षा, रिक्षा" म्हणत आलेत. त्यांना रस्त्याचं ज्ञान नाही असं समजू नका, आवाजी स्वरूपात भरपूर आहे. चकली_भाजणी ताईंचं ऐकून गेले चार रविवार यांना माझी स्कूटर दिली आणि मी मागे बसले. परवाना माझ्याकडे आहे, तेव्हा शिकवणारी मीच. एकदाही ब्रेक म्हटलं नाही. ओठ चावून ठेवले होते.

पक्का परवाना आल्यावरही सहा महिने यांनी दुसऱ्या कुणाला मागे घ्यायचं नाही. मागे माणूस बसला की गाडी थांबायला जास्त जागा लागते आणि वळताना तो उलटीकडे झुकला तर संपलं. हे मला पंधरा वर्षांच्या अनुभवावरून माहीत आहे.

#२० जुना_टायर

सूनबाई, दंडवत.

@अर्धा_क्लच, केला प्रयोग. काल पहाटे नातवाला घेऊन गेलो, त्याची गाडी, त्याचाच खडू. फक्त मागचा ब्रेक, तेरा पावलं, आणि शेवटची चार गाडी तिरकी होत गेली. दोन्ही मिळून, सात. विश्वास बसेना म्हणून पाच वेळा केलं. एकदा आठ आलं, बाकी सात. नातू म्हणाला, "आजोबा, हे मला शाळेत पण माहीत होतं." जावयाला फोन केला. तो म्हणाला, "मी तर पहिल्यापासून दोन्ही मारतो, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच."

सेहेचाळीस वर्षं मी त्या जास्तीच्या सहा पावलांवर नशिबाने काढली म्हणायची.

#२१ उपवनकर

काका, तुम्हाला माझ्याकडून मामलेदारची मिसळ. तिखट.

#२२ चकली_भाजणी

मलाही चालेल, मध्यम.

पाऊस तोंडावर आलाय म्हणून लिहिते. घोडबंदरला दरवर्षी पहिल्या सरीला गाड्या घसरलेल्या बघते. पहिला पाऊस सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं सांडलेलं तेल आणि धूळ यांचा लेप होतो, दोन-तीन चांगल्या सरींनी तो धुऊन गेला की जरा बरं. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, कामांच्या जागी टाकलेल्या लोखंडी पत्र्या आणि पेव्हर ब्लॉक, यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, मूठही वाढवायची नाही. गाडी सरळ ठेवून नुसतं पार व्हायचं. पाणी साचलेलं असेल तर पुढच्या गाडीचं चाक किती बुडतं ते बघून ठरवायचं. आणि खड्डा चुकवता आलाच नाही तर ब्रेक खड्ड्याच्या आधी, खड्ड्यात सोडलेला, पायांवर किंचित उठून.

गायमुखच्या घाटात पावसात मी अजूनही जात नाही. येते म्हणून जायलाच हवं असं कुठे आहे?

#२३ मागच्या_सीटवरचा

गणपती झाले, म्हणून रिपोर्ट देतो.

परवाना मिळाला, दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी आठाच्या आकड्यात पाय टेकला. मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. #५ मध्ये स्वच्छ लिहिलेलं असताना. दुसऱ्या वेळी मान वळवून आधीच पुढच्या वळणाकडे बघितलं, हाफ क्लच, मागचा ब्रेक जेमतेम टेकवलेला, पुढच्याला हात नाही. गाडी आपणहून गेली. रांगेत मागे उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, सही." त्याचाही पाय टेकला.

पावसाळाभर तळोज्याला गाडी नेली नाही. आधी घर ते स्टेशन, मग एका रविवारी दिवसा पूर्ण रस्ता, मग एकदा रात्री सुट्टीच्या दिवशी. शिळफाटा सोडून दिलाय. सायन-पनवेल हायवेने बेलापूर, खारघर करत जातो, थोडं लांब पडतं पण दिवे आहेत. चाळीस-पन्नासच्या वर जात नाही. चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे मी दचकून ब्रेकला बोट लावेपर्यंत अकरा मीटर संपलेले असतात. हा हिशेब केल्यापासून पुढच्या गाडीला मी इतकं अंतर ठेवतो की त्यात दुसऱ्या दोन गाड्या येऊन बसतात. बसू देत.

परवा पहिल्यांदा दुसरी पाळी करून आलो. उत्सव चौकाच्या अलीकडे एक रिक्षा राँग साइडने, बिनदिव्याची. दोन्ही ब्रेक लागले. पिळलेले, मारलेले नव्हे. थांबलो, रिक्षा गेली, मी तिथेच बाजूला दहा मिनिटं उभा. पाय थरथरत होते. मग बायकोला फोन केला. ती म्हणाली, "ब्रेक ब्रेक कोण ओरडलं?" मी म्हटलं, मीच. हेल्मेटच्या आत.

#२४ फुकटचा_सल्ला

अभिनंदन! मायलेज किती पडतंय?

#२५ मागच्या_सीटवरचा

साठच्या आसपास. मेकॅनिकचा खर्च धरला तर साधारण दोन.

#२६ कडक_चहा_नवा

धागा पूर्ण वाचला नाही, पण नवशिक्यांना एक मोलाचा सल्ला. पुढचा ब्रेक चुकूनही वापरू नका, गाडी तोंडावर आपटते.

#२७ जुना_टायर

बाळा, #११ वाच, अगदी हेच मी लिहिलं होतं. मग #२० वाच. आणि जाताना खडू घेऊन जा.